प्रवेशाच्या कागदावरची ती एक ओळ

प्रति,
मा. प्राचार्य आणि सर्व विभागप्रमुख,
सांगली-मिरज परिसरातील महाविद्यालये

विषय : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप घ्यायला सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सांगलीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. १९ वर्षं झाली. तुमच्यातल्या दोघा-तिघांच्या लॅबची देखभालही माझ्याकडे आहे, म्हणजे आपली ओळख आहेच. पण हे कुणा एका कॉलेजबद्दलचं गाऱ्हाणं नाही, म्हणून कुणाचंच नाव घालत नाही.

तुमच्या प्रवेशाच्या कागदांत शेवटी कुठेतरी एक ओळ असते. 'विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असणे आवश्यक : आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, १ टीबी.' (आय-सेव्हन म्हणजे इंटेल कंपनीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर, संगणकाचा मेंदू.) शाखा कुठलीही असो, ओळ तीच. शब्दही तेच, एका कॉलेजातून दुसऱ्यात उतरवून घेतल्यासारखे. लिहिणाऱ्याला ती लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. फेडायला एका घराला दीड वर्ष लागतंय, ते मी बघतोय.

मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ उन्हाळ्यात दुकानात आले. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला, पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं. काखेत लॅपटॉप, ९२ हजारांचा, फायनान्सवर, १८ हप्ते. म्हणाले, "पोरगी वापरतच नाही, बिघडलाय का तेवढं बघा." उघडून बघितला. काही बिघडलेलं नव्हतं. गेमिंगचं यंत्र ते. अडीच किलो वजन, वर अर्ध्या किलोचा चार्जर, बॅटरी जेमतेम दोन तास. मुलगी रोज एसटीने येते, बहुतेक वेळा उभ्याने. वर्गात प्लग दोन आणि पोरं साठ. मग ती लॅपटॉप घरी ठेवते आणि नोट्स मोबाइलवर वाचते. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं, तिच्यासमोरच बघितलं वर्षभरात त्यावर काय काय चाललं ते. सी भाषेचे प्रोग्रॅम, पीडीएफ, पीपीटी. ग्राफिक्स कार्डाला काम असं पडलंच नव्हतं. वडिलांना मी समजावायला गेलो, तर ते एवढंच म्हणाले, "कागदावर तसंच लिहिलं होतं ना मालक."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

एक गोष्ट मला तुमच्या लॅबमध्ये काम करताना नेहमी जाणवते आणि आजवर तोंडावर बोललो नाही. जे प्रॅक्टिकल घरी करायला तुम्ही आय-सेव्हन मागता, तेच प्रॅक्टिकल लॅबमध्ये चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर, म्हणजे इंटेलच्याच खालच्या दर्जाच्या जुन्या प्रोसेसरवर चालतं. ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. मी त्यांत एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला म्हणून दोनदा कोटेशन दिलंय, ते अजून टेबलावरच आहे, असो. सांगायचा मुद्दा, दोन्ही टोकं चूक आहेत. लॅबमधलं यंत्र फार जुनं आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि त्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही, कारण इंटेलचं असेल तर आठव्या पिढीपासून पुढचं लागतं. आणि कागदावरचं यंत्र बहुतेक पोरांसाठी फार जास्त आहे. खरी गरज या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ती शाखेप्रमाणे बदलते. नेमकी कुठे, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. कुठल्या सेमिस्टरला कुठलं सॉफ्टवेअर लागतं, ते पालकाला ठाऊक नसतं, दुकानदाराला नसतं आणि सेल्समनला तर ठाऊक करून घ्यायचंही नसतं.

मला जेवढं पोरांच्या लॅपटॉपांवरून दिसतं, तेवढं सांगतो. चुकलं तर दुरुस्त करा.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांची पहिली अट रॅम नाही, विंडोज ही आहे. सॉलिडवर्क्स, कॅटिया, स्टॅड-प्रो, ईटॅब्स, रेव्हिट ही आराखड्यांची सॉफ्टवेअरं, सगळी विंडोजवरच चालणारी मंडळी. एका मुलाला पुण्याच्या काकांनी कौतुकाने मॅकबुक घेऊन दिलं. यंत्र उत्तमच. पण तिसऱ्या सेमिस्टरला सॉलिडवर्क्स आलं आणि तो माझ्याकडे, "यात विंडोज टाकून द्या" म्हणून. हल्लीच्या मॅकबुकांत इंटेलचा प्रोसेसर नसतो, पूर्वीसारखं शेजारी विंडोज बसवता येत नाही. शेवटी त्याने ते विकलं, तोट्यात. तुमच्या कागदावर 'विंडोज लागेल' हे दोन शब्द असते तर काकांचे पैसे वाचले असते. तीन पानी माहितीपत्रकात वसतिगृहाच्या बागेचा फोटो आहे, हे दोन शब्द नाहीत.

कॉम्प्युटरवाल्यांना ग्राफिक्स कार्डापेक्षा रॅम महत्त्वाची. पायथन, जावा, मायएसक्यूएल साध्या यंत्रावरही पळतात. मोबाइल अॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, उघडला की ८ जीबीला धाप लागते. तिथे १६ मागा, हक्काने मागा. मशिन लर्निंगचं नाव काढून एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला लावता, तर विद्यार्थी पातळीवरचे बहुतेक प्रयोग गुगल कोलॅबवर, म्हणजे गुगलच्याच संगणकांवर ऑनलाइन, फुकट होतात, हेही त्याच पानावर लिहा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं चिपची रचना करायचं व्हिवाडो डिस्कवर भरपूर जागा खातं, तेव्हा तिथे २५६ जीबीत भागणार नाही. आर्किटेक्चरला मात्र खरोखर दणकट ग्राफिक्स लागतं. ल्युमिऑनमध्ये बंगल्याचं चित्र काढायचं तर तिथे कंजुषी चालत नाही. त्या पोरांना मी स्वतःच गेमिंगचा लॅपटॉप घ्या म्हणतो, वजन सोसा म्हणतो.

आणि कॉमर्स? टॅली आणि एक्सेल. टॅलीप्राइम शिकण्यापुरतं परवान्याशिवाय, शिकाऊ मोडमध्ये वापरता येतं. नोंदी ठरावीक तारखांनाच करता येतात, एवढंच. त्याला आय-सेव्हन लागत नाही. बी.ए.च्या पोरांना चांगला कीबोर्ड आणि डोळे न दुखवणारा स्क्रीन मिळाला तरी पुष्कळ झालं.

आता आय-सेव्हनचंच बोलतो, कारण या एका शब्दाने जेवढे पैसे वाया गेलेत तेवढे दुसऱ्या कशाने नसतील. आपल्या सांगलीत हळदीचा सौदा होतो. पोत्यावरचं नाव बघून कुणी बोली लावतं का? हळकुंड मोडून आतला रंग बघतात. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण पोतं बघून पैसे देतो. सहाव्या पिढीचा आय-सेव्हन हाही आय-सेव्हनच. जुन्या बाजारात तो 'आय-सेव्हन आहे साहेब' म्हणूनच खपवला जातो, आणि आजचा साधा आय-थ्रीसुद्धा त्याला मागे टाकतो. नावापुढचं अक्षरही बघावं लागतं. यू असेल तर कमी वीज खाणारा, बॅटरी टिकवणारा. एच असेल तर ताकदीचा, तापणारा. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या ७००० मालिकेच्या प्रोसेसरांत तर तिसरा आकडा वाचावा लागतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ वाटतात. पण पहिल्यातला २ म्हणजे झेन-२, २०१९ सालची रचना. दुसऱ्यातला ३ म्हणजे त्यापुढची. पहिल्याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली येते, पुढे वाढवता येत नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या बापाने हे सगळं ओळखावं अशी अपेक्षा आहे का आपली?

म्हणून कागदावर 'आय-सेव्हन' लिहू नका. पिढी लिहा, नाहीतर अमुक सालानंतरचा प्रोसेसर एवढं लिहा. एसएसडी लिहा, आणि 'ईएमएमसी नको' (ही स्वस्त लॅपटॉपांतली साठवणीची हळू चिप) असं स्पष्ट लिहा. बीसीएची एक मुलगी ऑनलाइन सेलमधला स्वस्त लॅपटॉप घेऊन आली होती, ६४ जीबीच्या ईएमएमसीचा. विंडोज आणि ऑफिस बसल्यावर त्यात उरलं काय? विंडोजचा मोठा अपडेट उतरायलाही जागा नव्हती. ही चिप बोर्डावरच चिकटवलेली असते, बदलता येत नाही. मी काहीच करू शकलो नाही, पैसे न घेता परत दिला. तिच्याकडचे २० हजार मात्र गेलेच. त्याच पैशांत तिला कंपन्यांतून निघालेला, तपासून घेतलेला जुना लॅपटॉप मिळाला असता, आठव्या-दहाव्या पिढीचा, धातूच्या बिजागऱ्यांचा. 'जुना नको' हा आपल्याकडचा हट्ट मला कळतो, प्रवेशाच्या आनंदात नवं काहीतरी घरात यावं वाटतं. पण नव्यातला सगळ्यात स्वस्त घेण्यापेक्षा जुन्यातला चांगला घेतलेला परवडतो, एवढं माझ्या टेबलावरून रोज दिसतं.

रॅमबद्दल माझं मत बदललंय, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इतकी वर्षं मी सर्रास सांगायचो, आता ८ घ्या, रिकामा स्लॉट आहे ना बघा, पुढे लागेल तेव्हा वाढवू. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की ते वाक्य आता जिभेवर येत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी कारखान्यांतला माल ओढून घेतला आणि त्याचा चटका इथे कॉलेजातल्या पोरांना बसतोय. तरीही रिकामा स्लॉट असलेलं यंत्र केव्हाही बरं. निदान वाट तरी उघडी राहते.

आणखी एक. घाई. प्रवेशफेरी संपत नाही तोच लॅपटॉप आणा म्हणून पोरांच्या मागे लागू नका. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष म्हणजे गणित, भौतिकशास्त्र, वर्कशॉप, थोडं प्रोग्रॅमिंग. ते लॅबवर निभतं, लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवली तर. (ती पाचलाच बंद का होते, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. शिपायाचा प्रश्न आहे म्हणतात.) बहुतेक लॅपटॉपांची वॉरंटी एक वर्षाची असते. पहिल्या वर्षी घेतलेल्या यंत्राची वॉरंटी, त्याला खरं काम लागण्याच्या आत संपते. दुसऱ्या वर्षी जड सॉफ्टवेअर सुरू होतं, यंत्र तापायला लागतं, पंख्यात धूळ, बिजागरी सुटलेली, आणि खर्च पालकाच्या खिशातून. तेच यंत्र वर्षभर थांबून घेतलं तर पोराला शाखा उमगलेली असते, काय लागतं ते कळलेलं असतं, आणि वॉरंटी कामाच्या वर्षात पडते. माझा धंदा दुरुस्तीचा आहे, तेव्हा हा सल्ला देऊन मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, याची नोंद घ्यावी.

ज्यांना घरी बसूनच काम करायचंय, त्यांच्यासाठी डेस्कटॉप हा शब्दही त्या पानावर असू द्या. हल्ली तो कुणी उच्चारतच नाही. तेवढ्याच ताकदीचा असेंबल्ड डेस्कटॉप लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडतो, एकेक भाग बदलता येतो, धाकट्या भावालाही पुरतो. वीज जाते तिथे यूपीएसचा खर्च धरावा लागेल, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला तो सोयीचा नाही, हे खरंच.

पैशांचं थोडं. २०२४-२५पासून सरकारने ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं झालं. त्या हमालांच्या मुलीचीही माफ आहे. म्हणजे त्या घरात शिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च आता फी नसून लॅपटॉप आहे, आणि तो तुमच्या एका ओळीने ठरतो. ६० हजारांच्या बिलात ९ हजारांच्या वर तर जीएसटीच असतो. मग लोक 'नो कॉस्ट' हप्त्यांवर जातात. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज किमतीत नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये बसलेलं असतं. त्यापेक्षा ज्यांनी शैक्षणिक कर्ज काढलंय त्यांना एक वाट आहे आणि ती फारशी कुणाला सांगितली जात नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रम पूर्ण करायला गरजेचा असेल तर रास्त किमतीच्या संगणकाचा खर्चही धरता येतो. गरजेचा आहे हे सांगणार कोण? तुम्ही. लेटरहेडवर चार ओळींचं पत्र, विभागप्रमुखांची सही, शिक्का. ते प्रवेशाच्या दिवशीच, न मागता, फाइलमध्ये घालून द्या.

तसंच कॉलेजच्या नावाचा ईमेल. हा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटेल. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं (ऑटोकॅड, रेव्हिट) विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी फुकट मिळतात आणि शिक्षण चालू असेतो परवाना दरवर्षी वाढवता येतो. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस पात्र शिक्षणसंस्थांतल्या पोरांना ऑनलाइन फुकट मिळतं. अ‍ॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, मॉडेलच्या आकाराची मर्यादा सोडली तर. यांतल्या बऱ्याच ठिकाणी आपण विद्यार्थी आहोत हे दाखवावं लागतं, आणि त्याला सगळ्यात सोपा पुरावा कॉलेजचा ईमेल. तो काही ठिकाणी तिसऱ्या वर्षी मिळतो, काही ठिकाणी मिळतच नाही. मग काय होतं? सीनियरकडून पेनड्राइव्ह येतो. त्यात क्रॅक केलेलं ऑटोकॅड, सोबत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असलेली फाइल. पोरगं निमूटपणे बंद करतं. दर वर्षी सबमिशनच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे असे लॅपटॉप रांगेने येतात, त्या क्रॅकमधून शिरलेल्या व्हायरसने प्रोजेक्टच्या सगळ्या फाइली कुलूपबंद केलेल्या. परत आणता येत नाहीत. एका मुलाला हे सांगताना मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नव्हतं. आणि खरं सांगू का, त्यातले काही पेनड्राइव्ह लॅब असिस्टंटच्या खणातून निघालेले असतात.

फुकट आणि अधिकृत अशी दुसरी वाटही आपल्याच राज्यातून निघालेली आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब (गणितासाठी), ईसिम (सर्किटसाठी) अशी मुक्त सॉफ्टवेअरं कॉलेजांपर्यंत न्यायचं काम केलंय, आणि तिथलेच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या किती विभागांत ते लावून दाखवतात, तुम्हीच आठवून बघा. सायलॅब साध्या यंत्रावर चालतं. लिनक्सही चालतं. पण परीक्षेला अजून टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच प्रोग्रॅम मागणारे सर आहेत, तोवर मी काय बोलणार. नव्या कोऱ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुन्या डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात १९९०च्या आसपासचा कंपायलर बसवून द्यायचे मी १०० रुपये घेतो.

तर मागणी एवढीच आहे. प्रत्येक विभागाने एक पान लिहावं, मराठीत. कुठल्या सेमिस्टरला कुठलं सॉफ्टवेअर, ते विंडोजवरच चालतं की कशावरही, विद्यार्थी परवाना कुठून मिळतो, कमीत कमी किती रॅमवर ते तुमच्या शिक्षकांनी स्वतः चालवून बघितलंय, आणि लॅपटॉप कधीपर्यंत घेतला नाही तरी चालेल. शेवटचा मुद्दा गाळू नका. हे पान कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरी, सुरू व्हायच्या आत संकेतस्थळावर आणि नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे. प्रवेश झाल्यावर लावलं तर तोवर दुकानातून खोका घरी आलेला असतो. लिहायला अडचण असेल तर मला बोलवा. एका विभागाला एक दुपार पुरे. पैसे नकोत, चहा चालेल.

त्या मुलीच्या लॅपटॉपचं पुढे काय झालं, तेही सांगतो. गेमिंगची आवड असलेला एक गिऱ्हाईक माझ्या ओळखीचा होता, त्याने तो ५८ हजारांना घेतला. त्यातून तिला दीड किलोचा, १६ जीबीचा, कंपनीतून निघालेला लॅपटॉप बसवून दिला. आता तो रोज एसटीत तिच्या दप्तरात असतो. वडिलांचे जुन्या यंत्राचे हप्ते मात्र अजून चालू आहेत, पाच राहिलेत.

आपला,
लॅपटॉप दुरुस्तीवाला, सांगली

ता. क. : वसतिगृहातल्या सॉकेटांचं अर्थिंगही एकदा बघून घ्या. 'लॅपटॉप झिणझिण्या देतो' म्हणून पोरं घेऊन येतात, विशेषतः धातूच्या बॉडीचे. लॅपटॉपात दोष नसतो. सॉकेटच्या वरच्या भोकात तारच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये दिवा लावून बघायला सांगा. पेटला नाही तर काय समजायचं, ते त्याला माहीत असतं.